तेलाचा भडका, रुपयाची घसरण आणि कार्यकारणाचा प्रश्न

खनिज तेल महागले की आर्थिक वाढ मंदावते आणि तेल आयात करणाऱ्या देशाचे चलन घसरते, हे विधान अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, अर्थसंकल्पाच्या भाषणात आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत सारख्याच निर्धास्तपणे केले जाते. ते खोटे नाही. मात्र दोन घटनांमधला जो संबंध त्यात गृहीत धरलेला असतो, तो तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नाला जाऊन भिडतो. एक घटना आधी घडली, दुसरी नंतर. तेवढ्याने पहिली दुसरीचे कारण ठरते का? आणि ठरत असेल, तर झालेल्या हानीची जबाबदारीही तिच्याच माथी मारता येते का? पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा नीतीचा. तेलाच्या बाबतीत हे दोन्ही असे गुंतलेले असतात की पहिल्याचे चुकीचे उत्तर दिले की दुसऱ्यातून पळवाट निघते.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहावे लागेल. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. अलीकडच्या वर्षांत ही आयात वर्षाला साधारण १७० कोटी पिंपांच्या घरात गेली आहे. भाव पिंपामागे १० डॉलरने चढला आणि वर्षभर तसाच राहिला, तर देशाला १,७०० कोटी डॉलर जास्त मोजावे लागतात. यातले काही तेल शुद्ध करून पुन्हा निर्यात होते, म्हणून निव्वळ बोजा त्याहून कमी भरतो; तरीही तो मोठा असतो. भाव वाढला म्हणून तेलाची मागणी लगेच आटत नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि मासेमारीच्या बोटी आठवड्याभरात दुसऱ्या इंधनावर धावू लागत नाहीत. तेवढेच तेल घेण्यासाठी देशाला आपला जास्त माल आणि जास्त श्रम परदेशी द्यावे लागतात. उत्पन्नाचा एक हिस्सा तेल विकणाऱ्या देशांकडे जातो. हे नुकसान खरे असते. कोणतेही सरकार ते नाहीसे करू शकत नाही. ते कोणी, केव्हा आणि किती सोसायचे एवढेच ठरवू शकते.

विनिमय दरावरचा परिणाम एका टँकरच्या हिशेबातूनही दिसतो. इराकमधल्या बसरा बंदरातून निघालेले तेल मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर उतरते आणि नळांतून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत पोहोचते. विक्रेत्याला ठरलेल्या मुदतीत डॉलर द्यायचे असतात. कंपनीची कमाई मात्र रुपयांत होते: पंपावरच्या पेट्रोलची, घरगुती सिलिंडरची. मुदत जवळ आली की कंपनीचा वित्त विभाग बँकांकडे डॉलरची मागणी नोंदवतो. महिनाअखेरीला तेल कंपन्यांच्या अशा मागण्या एकदम आल्या की रुपयावर दाब येतो, ही चलनबाजारातल्या माणसांच्या रोजच्या सवयीची गोष्ट आहे. भाव दुप्पट झाला की त्याच टँकरसाठी दुप्पट डॉलर लागतात. रुपया आणखी पडेल असे वाटू लागले की इतर आयातदार गरजेआधीच डॉलर घेऊन ठेवतात, आणि निर्यातदार परदेशात असलेले आपले पैसे आणायला वेळ लावतात. रुपया खरोखरच पडतो, तेल रुपयांत आणखी महाग होते, डिझेल चढते, नाशिकचा कांदा वाशीच्या बाजारात पोहोचवण्याचे भाडे वाढते. महागाई आवरायला रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते, कर्ज महागते, कारखान्याचा विस्तार पुढे ढकलला जातो. वाढीचा दर खाली येतो तो या शेवटच्या टप्प्यांवर.

साखळी अशी स्पष्ट दिसली तरी तिच्यातला पहिला दुवा म्हणजेच कारण, असे म्हणता येत नाही. भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाने कारणाची कसोटी फार काटेकोर केली आहे. कारण म्हणजे जे कार्याच्या आधी नेमाने असते, आणि त्याच वेळी अन्यथासिद्ध नसते. म्हणजे ज्याला वगळूनही कार्याची उपपत्ती लागते असे नसते. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण मडक्याचे. माती हे त्याचे समवायी कारण, मडक्याच्या दोन अर्धांचा संयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार, चाक, दांडा ही निमित्तकारणे. माती वाहून आणणारे गाढव मात्र या यादीत बसत नाही. ते त्या मडक्याच्या आधी हजर होते हे खरे, पण माती माणसाने डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. कारण शोधण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेकाची: ते असते तेव्हा कार्य होते का, आणि ते नसते तेव्हा कार्य होत नाही का, हे दोन्ही बाजूंनी तपासायचे.

तेलाच्या बाबतीत अन्वयाचा पुरावा भरभक्कम आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्या महायुद्धानंतर तोवर अमेरिकेत आलेल्या मंदींपैकी एक सोडून बाकी सगळ्या तेलाच्या भाववाढीपाठोपाठ, साधारण पाऊण वर्षाच्या अंतराने आल्या होत्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलरचा भाव १९७४ च्या जानेवारीपर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर तो पुन्हा दुपटीहून अधिक चढला. दोन्ही वेळा श्रीमंत देश मंदीत गेले. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मते कार्यकारणाबद्दल माणसाला अनुभवातून एवढेच हाती लागते: दोन घटना सतत एकापाठोपाठ येताना दिसतात आणि मनाला तशी सवय जडते. ह्यूमच्या मापाने येथे कारण सापडले असे म्हणायला हरकत नव्हती.

व्यतिरेकाची बाजू मात्र इतकी सरळ निघाली नाही. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली कोसळला, पण अमेरिकेत त्या प्रमाणात भरभराट आली नाही. चढाने जेवढे बिघडते तेवढे उताराने सुधारत नाही, हे तेव्हापासून मान्य झाले. मग १९९७ मध्ये बेन बर्नान्की, मार्क गर्टलर आणि मार्क वॉटसन यांनी मुळालाच हात घातला. त्यांचे म्हणणे असे की तेल भडकले की अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, आणि मंदीचा मोठा भाग त्या व्याजदरांतून येतो. हे खरे असेल तर तेलाची जागा गाढवाजवळ सरकते. हॅमिल्टन यांनी त्याला उत्तर दिले आणि वाद पुरता मिटला नाही. पण प्रश्नाचा रोख कायमचा बदलला. लुट्झ किलियन यांनी २००९ मध्ये आणखी एक पायरी खाली जाऊन विचारले की तेलाचा भाव चढलाच का. युद्धाने पुरवठा तुटला म्हणून, जगभर कारखाने जोरात चालले म्हणून, की पुढे टंचाई होईल या धास्तीने सगळे साठा करू लागले म्हणून? भाव एकच दिसला तरी या तीन प्रसंगांचे परिणाम वेगवेगळे असतात. म्हणजे ज्याला सगळे कारण म्हणत होते, ते स्वतःच एक कार्य होते. हा मुद्दा सबंध चर्चेत सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि लोकप्रिय लिखाणात तोच बहुधा गळतो.

भारताच्या अनुभवात याची पडताळणी चांगली होते. २००३ ते २००८ या काळात तेलाचा भाव पिंपामागे ३० डॉलरच्या आसपासून जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरपर्यंत गेला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाढ मंदावायला हवी होती आणि रुपया गडगडायला हवा होता. प्रत्यक्षात यातली बरीच वर्षे अर्थव्यवस्था ८-९ टक्क्यांनी वाढली आणि २००७ च्या अखेरीस डॉलर ४० रुपयांच्या खाली आला. चीनसह साऱ्या जगाची मागणी फुगली होती. तीच तेलाला वर नेत होती, भारताची निर्यात वाढवत होती आणि परदेशी भांडवल मुंबईच्या शेअरबाजारात आणत होती. पुढच्या काही महिन्यांत जागतिक वित्तसंकटाने तेल ४० डॉलरच्या खाली आणले, आणि तरी रुपया डॉलरमागे ५० च्या पलीकडे पडला. २०१४ च्या मध्यापासून जानेवारी २०१६ पर्यंत तेल ११५ डॉलरवरून ३० डॉलरच्याही खाली घसरले. त्याच काळात डॉलर ६० रुपयांवरून ६८ वर गेला. तेल उतरले आणि रुपयाही उतरला, असे दोनदा घडले.

१९७३-७४ चा धक्का सर्वांत निःसंशय मानला जातो. तेथेही काळाचा क्रम नीट लावला तर चित्र बदलते. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अजून आठवणीत आहे. धान्याचे भाव त्या दुष्काळाने तेलाच्या आधीच पेटवले होते. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली, ती दुष्काळ आणि तेल या दोहोंची मिळून होती. त्यातले किती कशाचे, हे वेगळे काढणे सांख्यिकीला जमते त्यापेक्षा अवघड आहे.

पण या विषयाचा खरा धडा १९९०-९१ मध्ये आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले. जुलैत २० डॉलरच्या खाली असलेला भाव ऑक्टोबरात ४० डॉलरवर गेला. कुवेत आणि इराकमध्ये काम करणारे भारतीय उघड्यावर पडले. एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक लोकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला आणले. केरळातल्या घरांत दर महिन्याला येणारे पैसे थांबले, कोकणातल्याही अनेक घरांत तेच झाले. या दोन देशांना होणारी निर्यात बुडाली. त्याच वेळी दिल्लीतली सरकारे पडत होती, आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून नेत होते. पुढची हकीकत नेहमी तेलाच्या नावाने सांगितली जाते: परकी गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने बाहेर गेले, जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी ४७ टनांच्या आसपास सोने गहाण ठेवण्यासाठी परदेशी पाठवले, आणि १ व ३ जुलैला मिळून रुपयाचे सुमारे १८ ते १९ टक्के अवमूल्यन झाले. १९९१-९२ मध्ये वाढीचा दर दीड टक्क्याच्याही खाली आला.

या हकिकतीत एक तारीख बहुधा सुटते. १७ जानेवारी १९९१ रोजी अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सैन्याने इराकवर हल्ला सुरू केला आणि एका दिवसात तेलाचा भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. फेब्रुवारीपासून तो जवळपास आक्रमणाआधीच्या पातळीवर होता. जुलैत सोन्याच्या पेट्या मुंबईहून विमानात चढल्या तेव्हा तेल महाग होण्याचे थांबून पाच महिने उलटले होते. ज्याला कारण म्हणायचे ते निघून गेले होते आणि कार्य त्यानंतर पिकले. धक्क्याने फक्त वेळ ठरवली. जे मोडले ते आधीच मोडायला आले होते: केंद्राची वित्तीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास, ऐंशीच्या दशकात वाढत गेलेले परदेशी कर्ज, त्यातला अल्प मुदतीचा मोठा हिस्सा, आणि वर्षानुवर्षे कृत्रिम उंचीवर धरून ठेवलेला रुपया. नैयायिकांच्या भाषेत ही माती होती. तेल निमित्तकारण होते. निमित्तकारण हेही कारणच असते, हे न्यायदर्शन स्पष्ट सांगते. पण मडके कशाचे घडले या प्रश्नाला कुंभाराचे नाव हे उत्तर होत नाही.

येथे सांख्यांचा सत्कार्यवाद जवळचा वाटू शकतो. त्यांच्या मते कार्य कारणात आधीच अव्यक्त रूपाने असते. घडते ते फक्त प्रकट होणे. १९९१ चे संकट १९८९ च्या हिशेबांत दडलेले होते, असे म्हणायला बराच आधार आहे. तरीही हे मत पूर्ण स्वीकारणे चूक ठरेल. कुवेतवर आक्रमण झाले नसते तर संकट उशिरा आले असते, कदाचित सौम्य आले असते, आणि मधल्या काळात एखाद्या सरकारला ते टाळण्याची संधी मिळाली असती. सगळे आधीच ठरलेले होते असे म्हटले की तेलावरचा दोष जसा जातो तसा माणसांच्या निर्णयांवरचाही जातो. त्यामुळे न्यायदर्शनाची विभागणीच येथे अधिक खरी ठरते, कारण ती धक्क्यालाही जागा देते आणि घडणीलाही.

हेच बाहेरून तपासायचे तर तेल विकणाऱ्या देशांकडे पाहावे. एकाच भावाने नॉर्वे आणि व्हेनेझुएला या दोघांनाही श्रीमंत केले. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या कमाईसाठी निधी उभारला आणि त्याची गुंतवणूक देशाबाहेर ठेवली, म्हणजे डॉलरच्या लोंढ्याने देशी चलन फुगून इतर उद्योग बुडू नयेत. व्हेनेझुएलाने चढत्या भावाच्या वर्षांत हातचे खर्च केले आणि २०१४ नंतर भाव पडताच अर्थव्यवस्था ढासळली. भावाचा आलेख दोघांनाही तोच होता.

कारण असे विभागले की जबाबदारीचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्ध होण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. पाचही असताना एकट्यालाच कर्ता मानणाऱ्याला तेथे समज अपुरी असलेला म्हटले आहे. तो इशारा अहंकाराविरुद्ध आहे, पण तो उलट्या दिशेनेही लागू पडतो: चौघांना झाकून सगळे पाचव्यावर टाकणारी समजही तितकीच अपुरी आहे. तेल आयात करणाऱ्या देशासाठी पश्चिम आशियातले युद्ध हे दैव आहे. ते त्याच्या हातात नाही. गंगाजळी किती, तूट किती, कर्ज कोणत्या मुदतीचे, ऊर्जेचे अन्य मार्ग किती, हे त्याच्या हातात असते.

धक्क्याच्या काळात सत्ताधाऱ्यांची भाषा बहुधा दैवाचीच असते, आणि येथे कोणत्याही एका पक्षाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. १९७४ मध्ये कामगारांची वाढीव पगाराची आणि महागाई भत्त्याची रक्कम सक्तीच्या ठेवीत अडकवली गेली. तेलाचा आणि दुष्काळाचा भार पगारदारांवर वळवण्याचा तो निर्णय होता, निसर्गनियम नव्हता. २००५ नंतर पंपावरचे भाव दाबून ठेवले गेले आणि तेल कंपन्यांचा तोटा सरकारी तेलरोख्यांनी भरून काढला गेला. भार पुढच्या वर्षांच्या करदात्यांवर गेला, ज्यांच्यातल्या अनेकांना त्या स्वस्त डिझेलचा एक थेंबही मिळाला नव्हता. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात जागतिक भाव कोसळत असताना पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क ९ वेळा वाढवले गेले. उताराचा मोठा लाभ ग्राहकाकडे न जाता तिजोरीत गेला. या तिन्ही निर्णयांची समर्थने देता येतात, काही चांगलीही आहेत. पण ती समर्थने द्यावी लागतात, हाच मुद्दा आहे. तेलाचे नाव घेतले की ती देण्याची गरज संपते, आणि ज्यांच्यावर भार पडला त्यांना तो कोणी टाकला हे विचारताही येत नाही.

कारण निवडण्याला आणखी एक बाजू आहे, ती इंग्रज तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांनी मांडली. अनेक अटींपैकी माणूस ज्या अटीवर हात टाकू शकतो तिलाच तो व्यवहारात कारण म्हणतो. २०१३ चा उन्हाळा आणि पावसाळा याचे नेमके उदाहरण आहे. तेव्हा तेलाचा भाव दोन वर्षे १०० ते ११० डॉलरच्या आसपास जवळपास स्थिर होता. धक्का तेलाचा नव्हता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करणार अशी चिन्हे दिसताच भांडवल परतू लागले, चालू खात्यावरची तूट आधीच्या वर्षी उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती, आणि २८ ऑगस्ट रोजी डॉलर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांसाठी स्वतंत्र खिडकी उघडली. त्यांची रोजची डॉलरची मागणी बाजारात न येता थेट बँकेकडून भागवली जाऊ लागली. भाव चढलेला नसताना उपाय तेलाच्या मागणीवर झाला, कारण अमेरिकी व्याजदरांवर मुंबईतून हात पोहोचत नव्हता.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्चच्या सुरुवातीला ब्रेंट तेल काही तासांसाठी १३९ डॉलरजवळ गेले. रुपया ७५ वरून ऑक्टोबरात ८३ पर्यंत उतरला, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांनी. वाढ ७ टक्क्यांच्या आसपास टिकली, आणि सोने कोठेही पाठवावे लागले नाही. वर्षाच्या आरंभी देशाकडे ६०० अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी होती. तिच्यातले सुमारे १०० अब्ज डॉलर ऑक्टोबरपर्यंत कमी झाले. त्यातले काही रुपया सावरण्यात खर्ची पडले, काही इतर चलने डॉलरपुढे उतरल्याने हिशेबात घटले. सवलतीतल्या रशियन तेलाने भारताच्या आयातीत नगण्य वाट्यापासून सुरुवात करून वर्षअखेरीस मोठी जागा घेतली. याखेरीज विशाखापट्टणम, मंगळूर आणि पदूर येथे खडकात कोरलेल्या भुयारांत ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय तोवर झाली होती. तो साठा देशाच्या साधारण साडेनऊ दिवसांच्या गरजेपुरता आहे. लांबलेल्या युद्धात तो अपुरा पडेल. पुरवठा अचानक तुटला तर दुसरीकडून टँकर मागवायला लागणारा पहिला आठवडा मात्र त्याने भागतो.